बेल लॅब्स: पैसा कोणाचा, डोकी कोणाची आणि घडी विस्कटली कशी?

गेल्या अंकातल्या ट्रान्झिस्टरवरच्या (विजेचा संदेश वाढवणाऱ्या छोट्या घटकावरच्या) लेखात अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या बेल टेलिफोन लॅबोरेटरीज, म्हणजे बेल लॅब्सचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

टेलिफोन कंपनीला पदार्थविज्ञानाच्या एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेची गरज काय होती? पैसा सरकारचा होता का? (पदवीची विद्यार्थिनी, सातारा)

लष्करी कंत्राटं होती, युद्धकाळात तर भरपूर होती. पण प्रयोगशाळेचा कणा होता तो फोनच्या बिलाचा पैसा. अमेरिकेतली बहुतेक टेलिफोन सेवा एटी अँड टी या एकाच कंपनीच्या हाती होती. तिच्या छत्राखालच्या स्थानिक कंपन्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा मुख्य कंपनीला देत, त्यातून संशोधन चाले. यंत्रं बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक हीसुद्धा घरचीच. १९२५ च्या जानेवारीत या दोघींनी निम्म्या-निम्म्या मालकीची प्रयोगशाळा मॅनहॅटनमध्ये ४६३, वेस्ट स्ट्रीट इथे उभी केली. १९४१ पासून मुख्य ठाणं न्यू जर्सीतल्या मरे हिलला हललं.

गरज होती ती अंतरामुळे. तांब्याच्या तारेत आवाज मैलागणिक क्षीण होत जातो. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला बोलायचं तर वाटेत आवाज वाढवणारं काहीतरी हवंच. कंपनीने १९१३ मध्ये अमेरिकी संशोधक ली डी फॉरेस्टच्या व्हॉल्व्हचे, म्हणजे संदेश वाढवणाऱ्या काचेच्या नळीचे हक्क घेतले खरे, पण त्याला जरा जास्त व्होल्टेज दिलं की आत निळा उजेड पडे आणि काम बंद. नळीत उरलेल्या हवेचं आयनीभवन होत होतं. हॅरल्ड आर्नल्ड या पदार्थवैज्ञानिकाने निर्वात वाढवला, फिलामेंटला ऑक्साइडचा लेप दिला आणि १९१५ मध्ये ती लाइन बोलू लागली. हे काम निव्वळ तारा ओढणाऱ्या इंजिनिअरच्या आवाक्यातलं नव्हतं, ही गोष्ट कंपनीच्या तेव्हाच ध्यानात आली.

पुढची अडचण व्हॉल्व्हचीच: तापतो, वीज खातो, जळतो. एक्स्चेंजमधल्या रिलेचे (विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचचे) कॉन्टॅक्ट घासून झिजतात. संशोधनप्रमुख मर्विन केली स्वतः व्हॉल्व्हच्या कामातून वर आलेले, त्यामुळे हे दुखणं त्यांना पुरतं ठाऊक होतं. तापणारं फिलामेंट नाही, हलणारा भाग नाही, असा स्विच त्यांना हवा होता. शास्त्रज्ञांना मोकळं सोडलं आणि नोबेलं पिकली, ही बेल लॅब्सची लोकप्रिय गोष्ट आम्हाला अर्धीच पटते. मोकळीक होती, पण प्रश्न बहुधा फोनचाच असे, आणि उत्तर सापडलं की ते बनवायला कारखाना शेजारी उभा असे.

पहिला ट्रान्झिस्टर नेमका कसा बनवला? शाळेच्या प्रयोगशाळेत तसा करून दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षक, कोल्हापूर)

येईल, पण अपेक्षा बेताची ठेवा. आधी मूळ रचना पाहू. खाली एन प्रकारच्या (मोकळे इलेक्ट्रॉन जास्त असलेल्या) जर्मेनियमचा तुकडा, धातूच्या पायावर बसवलेला. हा पाया म्हणजे बेस. वर प्लास्टिकचा त्रिकोणी ठोकळा, टोक खाली. त्याच्या दोन्ही कडांवरून सोन्याचा वर्ख सलग चिकटवलेला. टोकाशी तो वर्ख ब्लेडने अलगद कापायचा आणि जोडणी तुटली की हात थांबवायचा. एका वर्खाचे दोन झाले, मधे फट राहिली सुमारे ०.०५ मिलिमीटर. वरून स्प्रिंगने दाबून दोन्ही टोकं जर्मेनियमला टेकवायची. एक एमिटर (इथून संदेश आत जातो), दुसरं कलेक्टर (इथून तो वाढून बाहेर येतो).

जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन इथवर आले ते एका फसलेल्या बेतातून. आधी ते जर्मेनियमवर ग्लायकॉल बोरेटचा थेंब ठेवत. संदेश वाढे, पण सेकंदाला दहाएक कंपनांपर्यंतच, कारण द्रवातले आयन संथ. बोलण्याला काही हजार कंपनं लागतात. म्हणून थेंबाच्या जागी ऑक्साइडचा पातळ थर आणि त्यावर सोन्याचा ठिपका असं ठरलं. पृष्ठभाग धुताना ऑक्साइडच वाहून गेलं (जर्मेनियमचं ऑक्साइड पाण्यात विरघळतं) आणि सोनं थेट जर्मेनियमला भिडलं. तेव्हा दिसलेला परिणाम अपेक्षेहून वेगळा होता. धन टोकातून जर्मेनियममध्ये ‘होल’ (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या वागणाऱ्या) शिरत होते आणि शेजारच्या ऋण टोकाकडे ओढले जात होते. फट कमी केली तर परिणाम वाढणार, हे उघड झालं. १६ डिसेंबर १९४७ ला ही रचना चालली. २३ तारखेला वरिष्ठांसमोर तिच्यातून बोलून दाखवलं, तेव्हा शक्ती सुमारे १८ पट वाढत असल्याचं वहीत नोंदलं आहे.

शाळेसाठी जुना काचेचा जर्मेनियम डायोड घ्या, १एन३४ए चालेल. बाजारात या नावाने सर्रास दुसरेच डायोड खपवले जातात. भिंगातून पाहा: काचेत केसासारखी वळलेली तार एका बारीक तुकड्यावर टेकलेली दिसली तरच तो खरा. कापडात धरून काच फोडा, चष्मा लावा. जर्मेनियमचा तुकडा त्याच्या दांड्यासकट वेगळा करा. दांडा हा बेस. फॉस्फर ब्रॉन्झच्या दोन बारीक तारांची टोकं घासून धारदार करा आणि भिंगाखाली ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावर टेकवा. एमिटरला धन बाजूने एखादा मिलिअँपिअर, कलेक्टरला काही किलोओहमच्या रोधातून उणे १० ते २० व्होल्ट.

सुरुवातीला बहुधा काहीच घडत नाही. कलेक्टरच्या टोकाला ‘घडवावं’ लागतं: लहान कपॅसिटर कमी व्होल्टला भरून, मालिकेत रोध ठेवून, उलट्या दिशेने त्या टोकातून रिकामा करायचा. टोकाखालचं जर्मेनियम तेवढ्यापुरतं बदलतं. कमी व्होल्टपासून चढत जा. एकदम मोठा झटका दिला तर तार वितळून चिकटते. यश आलं की एमिटरचा प्रवाह वाढवल्यावर कलेक्टरचा वाढताना मीटरवर दिसेल. या जातीत कलेक्टरचा बदल एमिटरच्या बदलापेक्षा जास्त असू शकतो, त्यामुळे सर्किट आपोआप शिट्टी घालू लागतं. तो दोष तुमचा नाही. टेबलाला धक्का लागला की मात्र सगळं पहिल्यापासून. याच नाजूकपणामुळे विल्यम शॉकलीच्या जंक्शन ट्रान्झिस्टरने १९५१ नंतर त्याला मागे टाकलं. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं.

सोलर सेलही तिथलाच म्हणे. तेव्हाच्या आणि आमच्या पंपाच्या पॅनेलमध्ये फरक काय? मे महिन्यात लख्ख ऊन असून आमचं पाणी कमी का पडतं? (शेतकरी, यवतमाळ)

मूळ कारण पुन्हा फोनचंच. उष्ण-दमट प्रदेशात लाइनवरचे ड्राय सेल लवकर खराब होत, म्हणून डॅरिल चॅपिन दुसरा वीजस्रोत शोधत होते. सेलेनियमच्या सेलमधून त्यांना उन्हाचा जेमतेम अर्धा टक्का वीज मिळाली. सहकारी जेराल्ड पिअर्सन यांनी सिलिकॉनची पट्टी पुढे केली: २.३ टक्के. पण तिच्यात लिथियम होतं, आणि लिथियम सिलिकॉनमध्ये साध्या खोलीच्या तापमानालाही सरकत राहतं. वीज निर्माण होते तो सांधा दिवसेंदिवस खोल जाऊ लागला, म्हणजे उन्हापासून लांब. कॅल्विन फुलर यांनी आर्सेनिक मिसळलेलं सिलिकॉन घेऊन त्याच्या पृष्ठभागात बोरॉन मुरवलं. सांधा उथळ आणि जागच्या जागी राहिला. सहा टक्के! २५ एप्रिल १९५४ ला ते जाहीर झालं. कंपनीच्या हिशेबात मात्र तो परवडेना. पहिलं खरं गिऱ्हाईक मिळालं ते अवकाशात. १९५८ च्या व्हॅनगार्ड-१ उपग्रहाचा बॅटरीवरचा प्रक्षेपक काही महिन्यांत गप्प झाला, सौर सेलवरचा १९६४ पर्यंत बोलत होता.

तुमच्या पॅनेलमध्येही सिलिकॉन आणि सांधा हीच जोडी आहे. सिलिकॉनला ऊन हवं पण ताप नको. पॅनेलवर छापलेले वॉट हे सेलचं तापमान २५ अंश धरून असतात आणि त्यापुढे दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. मेच्या दुपारी सेल ६५ अंशांवर गेला तर ४० अंश जास्त, म्हणजे सुमारे १६ टक्के तूट. वर धुळीचा थर वेगळा. पॅनेलच्या मागून वारा खेळू द्या. मागे गोणपाट, कडबा रचू नका. धुवायचं ते पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जाऊ शकतो.

कार्बन डायऑक्साइड लेझरचा शोध बारामतीच्या माणसाने लावला हे खरं का? आमच्या मशिनची ट्यूब वर्षभरात मंदावते, ते का? (लेझर कटिंग व्यावसायिक, भोसरी)

खरं आहे. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ चा, बारामतीचा. पदवी पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची, डॉक्टरेट स्टॅनफर्डची. १९६१ मध्ये ते बेल लॅब्समध्ये दाखल झाले आणि १९६४ मध्ये १०.६ मायक्रॉनच्या अवरक्त किरणांचा हा लेझर त्यांनी जगापुढे ठेवला.

तुमच्या ट्यूबमध्ये मुख्यतः तीन वायू असतात आणि तिघांची कामं वेगळी. विजेचा मार बसतो तो मुख्यत्वे नायट्रोजनला. त्याचा रेणू थरथरू लागतो, आणि दोन्ही अणू सारखेच असल्याने ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपात टाकून देता येत नाही. ती धरून तो फिरतो. कार्बन डायऑक्साइडच्या वरच्या पायरीची ऊर्जा नायट्रोजनच्या या थरथरीशी एक टक्क्याच्या आत जुळते, त्यामुळे टक्कर झाली की ऊर्जा सहज त्याच्या हवाली होते. तिथून तो खालच्या पायरीवर उतरतो तेव्हा लेझर निघतो. ही खालची पायरी लगेच रिकामी व्हायला हवी, नाहीतर वरच्यांना उतरायला जागा नाही. ते काम हेलियमचं; तो तिला रिकामी करतो आणि उष्णता नळीच्या भिंतीपर्यंत पोचवतो. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर पटेलांना मिलिवॉटच मिळत होते. नायट्रोजन आणि हेलियम आल्यावर आकडा काही वर्षांतच शेकडो वॉटवर गेला.

आता तुमचं दुखणं. वायू तापला की खालची पायरी आपोआप भरते आणि ताकद पडते, म्हणून नळीभोवतीचं पाणी गार ठेवणारा चिलर. पण पावसाळ्यात चिलर १६ अंशांवर ठेवू नका. जुलैत पुण्याच्या हवेचा दवबिंदू २१-२२ अंशांच्या आसपास असतो. त्याहून गार नळीवर दव धरतं आणि उच्च व्होल्टेजच्या टोकाशी ठिणगी उडते. त्या दिवसांत २३-२४ ठेवा, थोडी ताकद गेली तरी चालेल. दुसरं, विजेच्या माराने कार्बन डायऑक्साइड फुटून कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन होतो. बंद नळीत ते पुरते जुळून पुन्हा कार्बन डायऑक्साइड होत नाहीत. कंपनीने दिलेल्या मिलिअँपिअरच्या वर मशिन चालवलं की ही फूट वाढते. ‘शंभर टक्के पॉवर’वर रोज काम करणाऱ्यांच्या ट्यूब लवकर का जातात याचं उत्तर यातच आहे. वापर नसला तरी हेलियम हळूहळू निसटतो, तेव्हा स्वस्तात मिळाली म्हणून दोन वर्षं पडून राहिलेली ट्यूब घेऊ नका.

ताकद पडल्यावर ट्यूबला दोष देण्याआधी आरसे आणि लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पाहा. लेन्स झिंक सेलेनाइडची असते (साधी काच हे किरण जाऊच देत नाही), फुटली तर उघड्या हाताने उचलू नका. पीव्हीसी कापू नका; निघणारा हायड्रोजन क्लोराइड फुप्फुसं आणि मशिनच्या रेल दोन्ही खातो. झाकणाचं पारदर्शक अॅक्रेलिक १०.६ मायक्रॉनला भिंतीसारखं आडवं येतं, पण तोच भरवसा शेजारच्या फायबर लेझरवर धरू नका. त्याचा किरण १.०६ मायक्रॉनचा, अॅक्रेलिकमधून आरपार जातो.

नरेंद्र करमरकरांचं तिथलं काम सोप्या शब्दांत सांगाल का? (विद्यार्थी, नाशिक)

ग्वाल्हेरच्या मराठी घरातले, आयआयटी मुंबईचे करमरकर १९८४ मध्ये बेल लॅब्समध्ये होते. प्रश्न असा: हजारो अटी पाळून खर्च कमीत कमी कसा करायचा? एसटीच्या गाड्यांचं वेळापत्रक म्हणा, रिफायनरीतलं मिश्रण म्हणा. सगळ्या अटी मिळून एक बहुमितीय पैलूदार आकार होतो आणि उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असतं. १९४७ पासूनची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. व्यवहारात ती झकास चालते, पण ५० मितींचं मुद्दाम वाकडं रचलेलं उदाहरण दिलं तर २ चा ५० वा घात इतके कोपरे हिंडायची पाळी येऊ शकते.

करमरकर आतून गेले. आतला एक बिंदू घ्या. सगळा आकार असा ताणा की तो बिंदू मध्यावर येईल. खर्च झपाट्याने उतरतो त्या दिशेला पाऊल टाका, भिंतीला टेकण्याआधी थांबा, आकार पूर्ववत करा, पुन्हा तेच. ताणण्याचं कारण म्हणजे भिंतीलगतच्या बिंदूपासून मोठं पाऊल टाकताच येत नाही. अशा पद्धतींना मोठ्या प्रश्नालाही बहुधा काही डझन पावलंच लागतात, पण प्रत्येक पावलाला समीकरणांची मोठी जुडी सोडवावी लागते. ती विरळ असेल, म्हणजे तिच्यातले बहुतेक आकडे शून्य असतील तरच फायदा. एखादा स्तंभ गच्च भरलेला असला की सगळी जुडी भरते आणि संगणक रांगू लागतो; स्वतः प्रोग्रॅम लिहिणारे इथेच अडकतात.

एटी अँड टीने यावर १९८८ मध्ये पेटंट मिळवलं आणि कॉर्बेक्स नावाची यंत्रप्रणाली ८९ लाख डॉलरला विकायला काढली. गणितावर पेटंट कसं, यावर तेव्हा रण माजलं होतं. प्रणाली फारशी खपली नाही. पद्धत मात्र आज अशा गणिताच्या प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे.

आणखी एका पत्रात अरुण नेत्रावळी यांच्याबद्दल विचारलं आहे. तेही आयआयटी मुंबईचे. डिजिटल व्हिडिओ दाबून लहान करण्याच्या तंत्रात त्यांचं काम आहे आणि १९९९ मध्ये ते बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले.

डायल-अपच्या काळात, म्हणजे फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडायचो तेव्हा, मोडेम सेकंदाला ३३.६ किलोबिटवर का अडकत? (निवृत्त टेलिफोन कर्मचारी, नागपूर)

क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये तिथेच मांडलेलं सूत्र लावून पाहा. लाइनची क्षमता म्हणजे पट्ट्याची रुंदी गुणिले (१ अधिक संदेश-गोंगाट गुणोत्तर) याचा २ या पायाचा लॉगॅरिदम. टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४००, म्हणजे ३,१०० हर्ट्झ. गोंगाट ३० डेसिबलने खाली धरला तर गुणोत्तर १,०००, लॉगॅरिदम ९.९७, उत्तर सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट. लाइन ३५ डेसिबलची असली तर ३६,०००. मोडेमवाल्यांनी भिंतीला नाक लावेपर्यंत मजल मारली होती.

५६ हजारांचा मोडेम ही भिंत फोडत नव्हता, वळसा घालत होता. इंटरनेट कंपनीचं टोक थेट डिजिटल असल्याने येणाऱ्या दिशेत आवाजाचे आकडे करताना होणारी काटछाट टळली: सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ७ बिट. जाणाऱ्या दिशेत ३३.६ च राहिलं. पुढे ब्रॉडबँडने त्याच तांब्यावर ३४०० चं कुंपणच काढलं. लांबच्या जोडीवर लोडिंग कॉइल (आवाज दूरवर नेणारं, पण ३४०० च्या वरचं अडवणारं वेटोळं) राहून गेलं असेल तर ब्रॉडबँड का धरत नसे, हे तुम्हाला सांगायला नको.

युनिक्स जगभर जवळजवळ फुकट कसं पसरलं? एवढी मोठी कंपनी इतकी उदार? (सॉफ्टवेअर अभियंता, ठाणे)

उदारतेपेक्षा कोर्टाचा धाक म्हणा. अमेरिकी सरकारने १९४९ मध्ये मक्तेदारीविरुद्ध खटला भरला. जानेवारी १९५६ मध्ये तडजोड झाली: कंपनीने तोवरची सगळी पेटंटं रॉयल्टीविना खुली करावीत आणि दळणवळणाबाहेरच्या धंद्यात पडू नये. ट्रान्झिस्टरचं ज्ञान तर त्याआधीच वाटलं जात होतं. एप्रिल १९५२ मध्ये २५,००० डॉलर आगाऊ भरणाऱ्या कंपन्यांना बोलावून कृतीसकट सगळं शिकवलं. बहिऱ्यांच्या श्रवणयंत्रांसाठी रॉयल्टी माफ होती, संस्थापक ग्रॅहम बेल यांच्या स्मरणार्थ.

युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली. ती केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या जुन्या संगणकावर सुरू केली. नवं यंत्र मिळवायला ‘पेटंट विभागासाठी मजकूर जुळवणी’ हे कारण पुढे करावं लागलं. १९७३ मध्ये ते सी भाषेत नव्याने लिहिल्यावर दुसऱ्या यंत्रांवर नेणं सोपं झालं. विकायची मुभा नाही, म्हणून विद्यापीठांना नाममात्र शुल्कात मूळ कोडसकट दिलं, दुरुस्तीची हमी शून्य. वापरणाऱ्यांनी एकमेकांनाच विचारायचं ठरवलं. १९८४ मध्ये कंपनीची फाळणी झाल्यावर हे बंधन उरलं नाही, किंमत चढली, कोड आकसला, आणि लिनक्सची, म्हणजे तशाच पण खुल्या प्रणालीची गरज निर्माण झाली.

कबुतरांच्या विष्ठेतून विश्वाच्या जन्माचा पुरावा मिळाला, हे काय प्रकरण आहे? (गृहिणी, रत्नागिरी)

विष्ठेतून नव्हे, ती पुसल्यावर! न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या शिंगाच्या आकाराच्या रेडिओ अँटेनात बेल लॅब्सचे आर्नो पेन्झिअस आणि रॉबर्ट विल्सन यांना एक खरखर सतावत होती. शिंगात कबुतरांचं बस्तान होतं. ती हलवली, आतली घाण काढली, पत्र्याच्या सांध्यांवर अॅल्युमिनियमची पट्टी लावली. खरखर जवळजवळ तेवढीच. द्रव हेलियमच्या गारव्याशी ताडून पाहिल्यावर हिशेब आला तो असा: डोक्यावरच्या आकाशाकडे रोखलं तर एकूण ६.७ केल्व्हिन (निरपेक्ष शून्यापासून मोजलेले अंश), वातावरणाचे २.३, अँटेनाचे स्वतःचे ०.९, उरले ३.५. रात्री-दिवसा, कोणत्याही दिशेला, तेवढेच. विश्वाच्या आरंभीच्या उष्णतेचा तो अवशेष होता. १९६५ मध्ये प्रसिद्ध, १९७८ मध्ये नोबेल.

मग एवढी संस्था मोडली कशी? शॉन प्रकरणाने नाव गेलं म्हणतात. (वाचक, मुंबई)

मोडली ती त्याच्या कितीतरी आधी. १ जानेवारी १९८४ ला एटी अँड टीची फाळणी झाली, स्थानिक फोन कंपन्या वेगळ्या झाल्या आणि बिलातून येणारा बिनघोर पैसा आटला. १९९६ मध्ये प्रयोगशाळेचा मोठा भाग ल्यूसेंट या नव्या कंपनीकडे गेला. तिची नजर दर तिमाहीच्या आकड्यांवर, आणि २००० नंतर दूरसंचाराचा फुगा फुटला तेव्हा ती खोल गेली. २००६ मध्ये अल्काटेलशी विलीनीकरण, २००८ मध्ये मूलभूत पदार्थविज्ञानातून माघार, २०१६ मध्ये नोकिया. संस्था आजही आहे आणि काम चालू आहे, पण ते एका दूरसंचार कंपनीच्या संशोधन विभागाचं.

बेल लॅब्समधला संशोधक यान हेंड्रिक शॉन याचं प्रकरण २००२ चं. सेंद्रिय रेणूंच्या ट्रान्झिस्टरवर त्याचे निबंध धडाधड येत होते. बाहेरच्यांना आढळलं की वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांत गोंगाटसुद्धा हुबेहूब तोच आहे. खरा गोंगाट दोनदा सारखा येत नाही. चौकशी समितीने मूळ नोंदी मागितल्या. वह्या नव्हत्या, संगणकातली कच्ची आकडेवारी पुसलेली, नमुने निकामी. २४ आरोपांपैकी किमान १६ खरे ठरले. सहलेखकांपैकी कोणीही महत्त्वाचं मापन स्वतः पाहिलं नव्हतं. याउलट ब्रॅटनच्या वहीत १९४७ च्या त्या २३ डिसेंबरला कोण-कोण हजर होतं याचीही नोंद आहे. इतर प्रयोगशाळांतल्या विद्यार्थ्यांचा वेळ या खोट्या निकालांमागे वाया गेला, ते नुकसान कोणी मोजलेलं नाही.

मुलीकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला जाणार आहोत. तिथे पाहण्यासारखं काय उरलं आहे? (ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली)

होल्मडेलला जा, एडिसनहून गाडीने साधारण अर्धा-पाऊण तास. ईरो सारिनेन यांनी रेखाटलेली, १९६२ मध्ये उघडलेली काचेची प्रचंड इमारत आता ‘बेल वर्क्स’ नावाने दुकानं-कार्यालयांसाठी चालते; मधला चौक सर्वांना खुला आहे, बसायला जागा आणि खाण्यापिण्याची सोय आहे. प्रवेशमार्गावरची तीन पायांची पाण्याची टाकी ट्रान्झिस्टरच्या घाटाची आहे, ती हुकवू नका. आवारातच कार्ल जान्स्की यांचं स्मारक आहे. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आकाशगंगेतून येणाऱ्या रेडिओ लहरी त्यांना इथेच प्रथम ऐकू आल्या. त्यांची अँटेना फोर्डच्या जुन्या मोटारीच्या चाकांवर गोल फिरत असे. कबुतरांचं ते शिंग जवळच्या क्रॉफर्ड हिलवर आहे. तिथल्या प्रवेशाच्या वेळा निघण्यापूर्वी होल्मडेल नगरपालिकेकडे विचारून घ्या. मरे हिलला आगाऊ परवानगीशिवाय आत सोडत नाहीत, आणि नोकियाने तिथून न्यू ब्रन्सविकला हलण्याचं जाहीर केलेलं आहे.